डावी बाजू

जनकगंजात शिवायला बसलं की
माप घेताना एक प्रश्न जास्तीचा विचारावा लागतो.
मोठ्यानं नाही.
टेप छातीभोवती फिरवत, पिना ओठांत धरून:
"उजवे की डावरे?"
गिऱ्हाईक समजायचं ते समजतं.
नाही समजलं, तर त्याला साधा कोट पुरतो.

ठेकेदार येतात, वकील येतात,
भिंडचा एक प्राचार्य यायचा, संस्कृतचा.
सगळ्यांचं मागणं एकच,
असावं, पण दिसू नये.
मुरैन्याच्या गाडीत बसताना पदर गळ्याशी ओढून घेत
आई हेच म्हणायची, मंगळसूत्राबद्दल.

टोकेकर कॅशियर पहिल्यांदा आले
शहाण्णव साली, गजकाच्या दिवसांत.
शाखेवर दरोडा पडून गेला होता.
कपाळावर सात टाके,
माझ्या हातचे असते तर रेघ जरा सरळ आली असती.
लायसन्सचा कागद त्यांनी घडी उलगडून दाखवला,
मी न मागता,
पोरानं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा.

मी शिवलं. कसं, ते सांगणार नाही,
आमच्या बापाचंही ते पोटात राहिलं.
इतकंच सांगतो, कापड वस्तू लपवतं,
माणूस लपवणं त्याच्या हातात नाही.

बाड्यावरून ते चालत आले की मला दुकानातून कळायचं.
डावा हात हलायचा नाही.
गर्दीत खांदा पुढे, आणि "माफ करा" जरा जास्तच वेळा.
मेळ्यात पाळण्यात बसायचे नाहीत.
मे महिन्याच्या लग्नात पंगतीत घाम पुसत
कोट तसाच.
वरातीत कुणी हवेत बार काढला
की सगळे वर बघायचे,
हे स्वतःच्या बटणाकडे.
कुणी गळाभेटीला हात पसरले
तर दोन्ही हात जोडून अर्धं पाऊल मागे.
लोक म्हणायचे, काय नम्र माणूस!

नात एकदा माझ्याच पायरीवर धावत आली
कमरेला मिठी मारायला.
त्यांनी तिला मधेच झेललं
आणि हातभर अंतरावर धरून ठेवलं,
पेटता स्टोव्ह धरावा तसं.
ती हसत होती. तिला खेळ वाटला.

मग अठरा सालची निवडणूक.
आचारसंहिता लागली की हत्यारं ठाण्यात जमा,
कंपूला रांग, पावती, शिक्का.
त्याच संध्याकाळी टोकेकर दुकानात आले.
बसले. पाणी प्याले.
कोट डावीकडून चपटा, वारा गेलेल्या उशीसारखा.
"काहीतरी द्या हो खिशात घालायला. वजनाचं."
मी बघतच राहिलो.
"रिकामं आहे हे चालण्यावरून कळतं.
आज भाजीवाल्यानं विचारलं,
बाबूजी, तबियत ठीक?"

बावीस वर्षं, आहे ते दिसू नये म्हणून.
आता नाही ते दिसू नये म्हणून.
शिलाई दोन्हीची सारखीच पडते.

जुन्या मशीनच्या बॉबिनांची डबी होती, पत्र्याची.
ती दिली.
उठून दोन पावलं चालले तर खुळखुळली,
दोघंही हसलो, ते तर डोळ्यांत पाणी येईतो.
मग डबीत कापूस भरला.

निकाल लागला.
लोक पावत्या दाखवून आपापली हत्यारं सोडवून घेऊन गेले.
टोकेकर गेले म्हणतात.
नाही गेले, असंही म्हणतात.
डबी त्यांनी परत आणली नाही,
मी मागितली नाही.

अजूनही रोज सहाच्या सुमारास
ते दुकानावरून जातात, डावा हात अंगाशी धरून.
परवा नात होती बरोबर,
आता त्यांच्या खांद्याला लागते,
त्यांच्या उजवीकडूनच चालत होती.

मी पायटा थांबवतो, कान देतो.
कापूस चांगलाच ठासून भरला होता.