खट्ट

तोकामाचीत डिसेंबरात बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकतो
आणि नागुमो कंपनीची नवी लेबलं घेऊन येतो.
पोरगा सभ्य आहे. दाराशी बूट झटकतो,
आधी रस्ता कुठे बंद झालाय ते सांगतो, मग पिशवी उघडतो.
"शिमोजो-सान, जुन्या मालावरसुद्धा हेच चिकटवायचं."
यंदा चंदेरी गोल. आत दोन अक्षरं, एआय.

मी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढते.
सासऱ्यांनी दुकान माझ्यावर टाकलं तेव्हा शब्द होता 'फझी'.
धुलाई यंत्र फझी, पंखा फझी,
म्हाताऱ्या बाया विचारायच्या, हे फझी कुठलं गाव?
मग न्यूरो आलं. मग ऋण आयन,
केस वाळवायच्या यंत्रातून म्हणे धबधब्याची हवा.
मग नॅनो, प्लाझ्मा, आणि एकदा चक्क 'क्वांटम',
तेही टोस्टरवर,
ज्याने पाव दोन्ही बाजूंनी सारखा कधी भाजला नाही.
सगळी लेबलं या डब्यात आहेत. गोंद अजून ओला आहे.
गोंदाबाबत कंपनीने कधी थाप मारली नाही.

नागुमोचा चहा निवायच्या आत ओगुमा-सान आले,
फावडं बाहेर भिंतीला टेकवून.
मित्सुएबाईंचे एकोणपन्नास दिवस गेल्याच आठवड्यात झाले.
भाताच्या कुकरच्या खोक्यापुढे ते उभे राहिले
आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं,
"तुमच्या घरची चव शिकतो. लक्षात ठेवतो."
मग आवाज खाली आणून मला,
"आधीची पण?"

पस्तीस वर्षं विकतेय. जीभ तयारच असते.
'हो, जरा वेळ लागेल' एवढं म्हटलं असतं
तर बेचाळीस हजार येन गल्ल्यात होते.
नागुमो कपात बघत होता.

"कुठलं बटण किती वेळा दाबलंत ते मोजतो," मी म्हटलं.
"त्याला शिकणं म्हणतात?"
"खोक्यावर म्हणतात."

जुना कुकर त्यांच्या गाडीत होता,
फेकायला आणलेला, तरी फडक्यात नीट बांधलेला.
मी उलटा करून चार स्क्रू काढले.
मधोमध स्प्रिंगवर बसलेलं चुंबक, वर पिठुळ खळीचा थर.
"पाणी आहे तोवर भांडं शंभराच्या वर जात नाही.
पाणी सरलं की चढतं,
जरा चढलं की याची ओढच जाते. स्प्रिंग खाली येते. खट्ट."
"त्याला कसं कळतं?"
"कळत नाही. सुटतं."

दात घासायच्या जुन्या ब्रशने खळ काढली.
तांदूळ माझे, पाणी त्यांनी घातलं, बोट बुडवून.
बाहेर बर्फकाप्या गाडी येऊन गेली.
खट्ट झालं तेव्हा मी उठले,
ओगुमा-सान म्हणाले, "थांबा. पंधरा मिनिटं झाकण नाही काढायचं,
ती ओरडायची."
मग आम्ही तिघं एका झाकणाकडे बघत बसलो,
शोरूममध्ये, सगळ्या हुशार यंत्रांच्या मधोमध.

भात गिचगोळा.
शितं बोटांत दाबत ते बराच वेळ गप्प होते.
"पहिल्या पेरापर्यंत पाणी, असं ती सांगायची.
तिचं बोट माझ्याहून आखूड होतं."
आणि आपल्या बोटावर नखाच्या मुळाशी अंगठा ठेवला,
"इथवर असेल."

मी नागुमोच्या पिशवीतून एक चंदेरी गोल उचलला
आणि पाणी घ्यायच्या काचेच्या मापाला, तेवढ्याच उंचीवर,
चिकटवून दिला.
"हे नियमात बसत नाही," नागुमो म्हणाला,
आणि भाताचा दुसरा घास घेतला.

सफाईचे चारशे येन.
लेबलाचे काही लावले नाहीत.