पाचशे चाळीस

एकविसाव्या थेंबाला निळं व्हायला हवं होतं.
नाही झालं.
बाविसावा, तेविसावा, मी कुपी बोटांत फिरवत राहिले,
पाणी आपलं हट्टानं गुलाबी.
सत्ताविसाव्याला एकदम निळं.
एका थेंबाचे वीस, असे सत्तावीस.
हिशेब बोटांवर दोनदा केला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

बोट्रोपमध्ये समुद्र नाही.
कालवा आहे, बंद पडलेली खाण आहे,
समोरच्या प्शिबिलांची कबुतरं आहेत.
समुद्र एकेहार्डनं आणला, चारशे लिटर,
मिठाच्या गोण्या जिन्यावरून स्वतः वाहून.
जन्मभर जमिनीखाली राबलेला माणूस,
पेन्शन सुरू झाल्यावर म्हणाला,
आता उजेडात काहीतरी वाढवू.

त्याची वही टाकीखालच्या कपाटात आहे.
कॅल्शियम: रोज ऐंशी मिली, सकाळी, पंपाजवळ, हळू.
'हळू'खाली दोन रेघा.
मी हळूच ओततेय. चौदा महिने.
भाचीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा,
टोपी डोक्यावर, पेला हातात.

तरी कुठेतरी पाणी मुरत होतं.
म्हणजे मुरत नव्हतं, तीच तर गोम.
हीटरवर पांढरा थर. पंप कण्हायला लागला.
वाळूत चमचा खुपसला तर ढेकूळच हाताला आलं,
ओल्या पोत्यातल्या सिमेंटसारखं.
दगडाला पाझर फुटतो म्हणतात.
आमच्याकडे पाण्याला दगड फुटला.

शनिवारी तुंजाय आला, मत्स्यमंडळातला,
टायरच्या दुकानातून थेट, नखांत काळं.
अल्कलिनिटी मोजली, पाच. मॅग्नेशियम, तेही खाली.
जिभेनं चक् केलं.
मग वही वाचली, टाकीकडे बघितलं, पुन्हा वही.
'फ्राऊ मार्क्वार्ट, ही मात्रा लिहिली तेव्हा
आत किती प्रवाळं होती?'

मोठं शिंगाळं होतं, ओंजळीत न मावणारं.
ते मार्चमध्ये मीच त्याला दिलं.
हिरव्या फांद्या एसेनच्या शाळेला.
उरलंय ते मऊ, झुलणारं, हाडांची हौस नसलेलं.
खाणारी तोंडं उठून गेली
आणि मी पंगतीचा स्वयंपाक करत राहिले.
(बटाटेही अजून सहाच उकडते.
एकट्या बाईला तीन पुरतात.)

उपाय विचारला. वाटलं, बाटली देईल.
'काही टाकू नका,' म्हणाला.
'दर आठवड्याला चाळीस लिटर बदला.
मीठ दुसरं घ्या, कमी कॅल्शियमचं.
आधी मॅग्नेशियम वर आणा, मग अल्कलिनिटी, चिमटीचिमटीनं.
घाई केलीत तर आत बर्फ पडेल.'
'आणि मग?'
'मग वाट बघा.'

काही न टाकणं सोपं नसतं.
सकाळी साडेसहाला हात आपणहून कपाटाकडे जातो.
पहिल्या आठवड्यात मी मापाचा पेला
धुतला, पुसला, परत धुतला.
हीटर व्हिनेगरमध्ये बुडवला, शेजारी किटली,
आमच्या नळालाही चुना आहेच.
दोन्हींवर बुडबुडे आले,
दोन्हींनी एकदमच थर सोडला.
घरभर लोणच्याच्या बरणीचा वास.

पाचशे वीस. पाचशे वीस. पाचशे.
मी त्याच्याच वहीत लिहिते, त्याच्या आकड्यांखाली.
माझं अक्षर थोराड, दोन ओळी खाणारं.
ऐंशी मिलीवर काट मारली नाही,
बाजूला फक्त लिहिलं: तेव्हा.

आज तेविसाव्या थेंबाला निळं झालं.
तुंजायला फोन केला. म्हणाला, छान, अजून थांबा.
मग म्हणाला, तुमच्या शिंगाळ्याची टोकं पांढरी दिसतायत,
वाढतंय. भस्म्या झालाय त्याला,
कितीही कॅल्शियम घाला, पुरत नाही.

कपाटात चार बाटल्या उरल्या होत्या.
एकमेकींवर आपटू नयेत म्हणून
वर्तमानपत्रात गुंडाळल्या,
पिशवीत भरल्या,
आणि टोपी घालून बसस्टॉपवर गेले.