क्वार्टर गेटच्या पलीकडे

क्वार्टर गेटपाशी ताई सायकलवरून उतरायची,
पिना दातांत धरायची, वेणी उकलायची,
आणि पलीकडे निघायची ती सॅली रॅनबी.
अलीकडे, नाना पेठेत, सलोमी रणभिसे.
मध्ये फक्त टांग्यांचा अड्डा
आणि घोड्यांच्या मुताचा वास.

साल त्रेचाळीस. दिव्यांना काळे कागद, रॉकेलला रांग.
टेलिफोन एक्स्चेंजात गोऱ्या मुली हव्या होत्या,
निदान गोऱ्यासारख्या.
ताईचे डोळे घारे. कुठून आले, आई सांगत नसे.
आज्जी म्हणे, नगरकडं शेळ्यांचंबी डोळं घारं असत्यात,
त्यांना कुणी इचारतं का?

अर्जात तिनं लिहिलं: वडील रेल्वेत गार्ड, वारले.
बाप समोरच विडी ओढत बसला होता,
खडकीच्या कारखान्यातल्या दारूनं पिवळी झालेली बोटं.
त्यानं अर्ज उलटा धरला, वाचल्यासारखं केलं, म्हणाला,
"वारले तर वारले. पगार किती?"

मी काळा. घरात तसे सगळेच सावळे,
पण मी तव्याची खालची बाजू.
रोज एक वाजता मागच्या फाटकाशी डबा न्यायचो.
पाव आणि उकडलेलं अंडं.
भाकरीवरून ओळखतात, ती म्हणाली होती.
मला पढवलेलं: ताई म्हणायचं नाही,
नजर तिच्या बुटांवर,
कोणी विचारलंच तर, "मिस्सीबाबाचा डबा."
आरशासमोर उभा राहून मी सराव केला.
जमायचं मला. इतकं,
की एकदा मिसेस हॉवेटनं माझ्या हातावर आणा ठेवला,
ताईकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलली,
आणि ताई हसली.
त्या आण्याच्या गोळ्या मी घेतल्या नाहीत.

बापाचा हात यंत्रात गेला ती तिची रात्रपाळी.
ईस्ट स्ट्रीटच्या इराण्याकडे फोन होता.
मी रिसीव्हर उलटा धरला, त्यानं तो सरळ करून दिला,
आणि ताई एकदम कानात:
"नंबर, प्लीज?"
घरी ती असा आवाज कधी काढत नसे,
इस्त्री केलेला, घडी न मोडलेला.
मला नंबर ठाऊक नव्हता.
तोंडातून निघालं, "मिस्सीबाबा."
सवयीनं. बाप ससूनमध्ये रक्तात पडलेला
आणि मी फोनवरही नोकर.

पलीकडे शांत. मग लांबून टाचा, टक, टक,
जवळ येत चाललेल्या.
आणि हळूच, आज्जीच्या बोलीत,
मिशनच्या शाळेनं छडीनं घासून काढलेल्या त्या बोलीत:
"काय झालं रं, दावीद? रडू नगं. कुटं हायेस तू?"

टाचा थांबल्या.
टाचा थांबलेल्या ऐकू येतात, हे मला त्या रात्री कळलं.

ती आली सायकलीला दिवा न लावता.
वॉर्डाच्या दारात नर्सनं तिचा फ्रॉक पाहिला, खुर्ची पुसली,
"मॅडम, तुम्ही बसा," आणि मला म्हणाली,
"पेशंटचं माणूस तूच ना रे? मोठं कुणी नाही?"
मी ताईच्या बुटांकडे बघत राहिलो.
डाव्याची नाडी सुटली होती.

"मी आहे," ती म्हणाली, "मी त्याची मोठी मुलगी."
नर्सनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.
तिचा विश्वास बसला नाही.
ताई पुन्हा म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं,
रणभिसेतला भ असा फोडून
की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

पहाटे बापानं डोळे उघडले.
तिला पाहिलं, मोकळे केस, पावडरीचे ओघळ.
"काय गं," तो म्हणाला,
"मी तर वारलो होतो ना?"
ती हसली. आण्याच्या वेळी हसली होती तशी नाही.
मग पिनांसाठी तिनं माझ्यापुढे हात केला.
त्या मी तिच्या पर्समधून काढून
कधीच्या मुठीत धरल्या होत्या.
द्याव्या की नाही, ठरेना.
बाहेर पहिला टांगा लागत होता.
सातला तिची पुढची पाळी होती.