अडीच दांड्या

दुकानातल्या पोराने नकाशा पसरला.
अख्खा पातागोनिया निळाभोर,
जणू कुणाच्या हातून दौत लवंडली
आणि पुसायचं राहून गेलं.
"सगळीकडे रेंज आहे," तो म्हणाला.
नेलिदा आंतिलेओने चष्मा कपाळावर चढवला,
बोट टेकवलं: "ही आमची पवनचक्की. हे घर."
"मग तुम्ही निळ्यात आहात, सेन्योरा."
निळ्यात तर आहोतच, ती मनात म्हणाली,
एकतीस वर्षं डोक्यावर दुसरं आहे काय?

चौदा मेंढवाड्यांचा हिशेब तिच्या लॅपटॉपात.
कुणाची लोकर किती किलो, धागा किती मायक्रॉन,
दर गुरुवारी त्रेलेवच्या सोसायटीला पोचला पाहिजे.
आजवर पेन ड्राइव्ह जायचा पावाच्या गाडीतून,
रुमालाच्या गाठीत.
आता पावाची गाडीच बंद झाली.

करारात लिहिलेलं: दोन वर्षं, मधे सोडता येणार नाही.
"आणि मीच मधे सोडून गेले तर?"
पोराला कळलं नाही. त्याने पेन पुढे केलं.
तिने पर्स बंद केली.

मग उसनवारी. नर्सबाईंचा निळा डोंगल,
शाळेतल्या ओस्वाल्दोचा तांबडा.
नऊ दिवस ती लॅपटॉप कडेवर घेऊन हिंडली
किरकिऱ्या नातवाला हिंडवावं तशी.
कोंबड्यांच्या खुराड्यावर: एक दांडी.
लोकर कातरायच्या ओट्यावर: काही नाही.
पाण्याच्या टाकीवर, शिडीने चढून: तीन,
पण तिथला वारा असा
की कीबोर्डवरची अक्षरंही उडवून नेईल.
निळा चपळ, पण चार वाजले की दांडी मारणारच.
तांबडा गाभण मेंढीसारखा.
येतो म्हणाला की येतो, त्याच्या वेळेने.

एवारिस्तो म्हणाला, "घोडा घेताना एवढं पाहिलं नव्हतंस."
"घोड्याचे दात तरी मोजता येतात."

वहीत दोन रकाने आखले.
दहा जीबी म्हणजे किती, हे कुणी धड सांगेना,
म्हणून तिने आपलं माप काढलं.
लोकरीचा तक्ता: चिमूटभर.
लंगड्या मेंढीच्या खुराचा फोटो: मूठभर.
मुलगा कोमोदोरोहून बोलतो, चेहऱ्यासकट: पोतंभर,
आणि पोतं नेमकं मधेच उसवतं,
तोंड उघडं राहतं त्याचं, "आई, मी पुढच्या…"
पुढच्या काय? आठवड्यात? वर्षी?
त्या ओळीसमोरची बेरीज तिने कोरी ठेवली.

तांबडा घेतला. महिन्याच्या महिन्याला, कराराशिवाय.
अडीच दांड्या, त्याही फक्त
स्वयंपाकघराच्या खिडकीत,
जिथे एवारिस्तोचं खोगीर टांगलेलं असायचं.
खोगीर गेलं पलंगाखाली.
त्यावरून तीन दिवस अबोला.

आज गुरुवार. तक्ता निघालाय.
एकाहत्तर टक्के. चौऱ्याऐंशी.
पत्र्याचं दार उघडलं की दांड्या पडतात,
हे तिला ठाऊक, आता त्यालाही.
बाहेर उणे सहा. काचेपलीकडे तो उभा,
बगलेत सरपण, टोपी कानांवर ओढलेली,
भुवयांनी विचारतो: झालं?
ती बोटं दाखवते: अजून नऊ.
तो मान हलवतो, वाऱ्याकडे पाठ करतो
आणि सरपण खाली न ठेवता
थांबतो.