तीन पूर्णांक नऊ

आमच्याकडे सातपैकी गुण देतात.
चार म्हणजे पास.
तीन पूर्णांक नऊ म्हणजे
वाल्दिव्हियाच्या पुलावरून, नदीकडे न बघता
मान खाली घालून घरी.

मला एकदा मिळालेत. द्रवयांत्रिकीत.
आईला म्हटलं, निकाल लांबलाय.
तो लांबलेला निकाल
दीड वर्ष माझ्या पाठपिशवीत आहे
ओल्या छत्रीसारखा,
बाकीच्या वह्यांनाही दमट करत.

आता अकरा दिवस.
मग टेबलापलीकडे तीन माणसं बसतील,
समोर पाण्याचे तीन ग्लास,
आणि मी पाणथळीच्या तळातल्या
शेवाळी गवताबद्दल बोलेन,
आवाज असेल तर.

काल ग्रंथालयात एकशे चौदावं पान उघडलं
आणि अक्षरं नुसतीच अक्षरं झाली.
आधी बोटांना मुंग्या.
मग छातीत कुणीतरी
जड कपाट सरकवायला लागलं,
या भिंतीकडून त्या भिंतीकडे.
श्वास अर्ध्या जिन्यात अडकला,
वर येईना, खाली जाईना.
वाटलं, भूकंप.
इथे प्रत्येकाला आधी तेच वाटतं.
मी छतावरच्या दिव्याकडे पाहिलं.
दिवा हलत नव्हता.
म्हणजे मीच.

जिन्यात जाऊन बसले, भिंतीला खांदा लावून.
रात्रपाळीचे दोन एलेउतेरिओ किल्ल्या वाजवत आले,
काही न विचारता
एक पायरी सोडून खाली बसले.
गुडघे कडाकड वाजले त्यांचे.
म्हणाले, हलतंय?
मी मान हलवली.
त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं,
माझ्या घामेजल्या तळव्यावर ठेवलं.
मोज, म्हणाले.
साठ साली मी पाच वर्षांचा होतो.
आमच्या घरात कुणी मोजलं नाही,
म्हणून मला अजून वाटतं
ते थांबलंच नाही.

सात मिनिटं, चाळीस सेकंद.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे:
तेव्हा जमीन खचली, नदी कुरणांत शिरली,
आणि त्या पाण्यावर
काळ्या मानेचे हंस आले.
माझ्याच प्रबंधाचं पहिलं वाक्य आहे ते.
पण दोन एलेउतेरिओंच्या वडलांचं बटाट्याचं शेत
त्याच पाण्याखाली आहे.
ते हंस बघायला कधी जात नाहीत.
मी आज पहिल्या वाक्याखाली
पेन्सिलीने एक रेघ मारली,
आणि तिथेच ठेवली.

सकाळी मासळीबाजारात गेले.
आई रोबालोची पोटं साफ करत होती,
मागे फळ्यांवर समुद्रसिंह
कर्जवसुलीला आल्यासारखे बसलेले.
मी म्हटलं, द्रवयांत्रिकीत मी नापास झाले होते.
सुरी थांबली नाही.
ठाऊक आहे, म्हणाली,
त्या आठवड्यात न सांगता
तीनदा भांडी घासलीस.

आणि आता चार नाही मिळाले तर?

तिने मासा काट्यावर टाकला.
काटा थरथरला, पुढे गेला, मागे आला.
गिऱ्हाईक वाकून आकडा वाचू लागलं,
तर आईने हाताने त्याला मागे सारलं:
थांबू दे की.
मग माझ्याकडे वळून,
खवले चिकटलेल्या कोपराने केस मागे करत:
मग मार्चमध्ये परत.
यास्ना, पिशवी धर.

एवढंच. पिशवी धरली.
मुंडकं मागे भिरकावलं तिने,
आणि एक समुद्रसिंह, बहुतेक सगळ्यात म्हातारा,
चुकला. मासा पाण्यात पडला.
तो सावकाश, आपलं सगळं वजन घेऊन,
मागोमाग पाण्यात घसरला.

आज दोनदा आलं.
दुपारी चार मिनिटं दहा सेकंद.
संध्याकाळी सहा मिनिटं, म्हणजे कमी होतंय
असं म्हणायला जागा नाही.
दोन्ही आकडे समासात लिहिलेत.
घड्याळ अजून माझ्याकडेच आहे,
परत मागितलेलं नाही त्यांनी.
डिसेंबरचा उजेड नऊ वाजले तरी
खिडकीतून हटत नाही.

एकशे पंधरावं पान.