मार्डी

नॉटिंगहॅमला निघायला अठ्ठावीस दिवस.
वहीच्या डाव्या पानावर त्यांचा शब्द, उजव्यावर आपला,
मध्ये टॉवेलच्या किनारीसारखी लाल रेघ.
खाली बिंगींच्या कारखान्यात बारा माग.
वर मी मोठ्यानं वाचते
आणि मला माझंच ऐकू येत नाही.

मार्डी: म्हणजे रुसलेलं, तोंड फुगवून बसलेलं माणूस.
इथं पेन थांबलं.
मार्डी तर यमाईचं गाव,
मावशीला दिलंय तिथं.
आईला सांगितलं. विडीचं पान कापता कापता ती म्हणाली,
"बरोबरच आहे की. लग्नापासून रुसलीय ती."

शाहीन बागवान दोन वर्षं आधी गेली, पण ग्लासगोला.
रात्रपाळी संपली की तिचा आवाज येतो मोबाइलवर:
"वी म्हणजे इथं लहान. फेक तुझी वही.
म्हातारा म्हणाला, वी ड्रिंक दे,
मी लघवीचं भांडं घेऊन धावले.
अख्खा वॉर्ड हसला बे."
मी दोन्ही लिहिलं. नॉटिंगहॅमला लघवी, ग्लासगोला लहान,
आणि त्याखाली: आधी विचारणे.

तिचं ते बे ऐकून किती बरं वाटलं.
पुण्यात ट्रेनिंगला असताना होस्टेलात
एकीला सहज म्हटलं, "काय करलालीस बे?"
तीन दिवस बोलली नाही. प्रकरण वॉर्डनपर्यंत गेलं.
आमच्या कन्ना चौकात
बे गळालं तर समजावं, काहीतरी बिनसलंय.
गड्डा म्हटलं की तिकडच्या मुलींना कोबी दिसायचा,
मला पाळणे, जानेवारीतली धूळ,
मौत का कुआँमध्ये गरगरणारी मोटारसायकल.
तेव्हा मी मार्डी होते बहुतेक.
शब्द नव्हता.

नेश: जिला थंडी जरासुद्धा सोसत नाही ती.
एप्रिल. बेचाळीस. पत्रा तापून कडकड वाजतोय.
उजवं पान कोरं ठेवलंय.

डक: म्हणजे बदक. म्हणजे बाई, बाळ, राजा, कुणीही.
बसवाला म्हणतो, भाजीवाला म्हणतो,
टाके घालताना पेशंटही म्हणेल.
तेच ग्लासगोत कोंबडी होतं.
आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.
मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, तल्ली,
आपण पोटच्या पोरीला आई म्हणतो.
ते बदक म्हणतात.
त्यात काय एवढं.

पुअरली: पुस्तकात दिलंय, किंचित बरं नसणे.
शाहीन म्हणाली, खोड ते.
डॉक्टर हळू आवाजात व्हेरी पुअरली म्हणाले
की पडदा ओढायचा आणि घरच्यांना फोन लावायचा.
पहिल्या वेळी तिनं चहा विचारला होता त्या पेशंटला.
मी मोबाइल कानाला धरून जिन्यात बसले.
सिव्हिलमधून काकांना फोन गेला होता तोही असाच:
"जरा जास्त आहे. निघून या."
काका अक्कलकोटहून आले ते डबा घेऊन,
कडक भाकरी, शेंगाचटणी, दादांना आवडायची तशी.
त्यांना जरा कळला नव्हता असं नाही.
पण डबा भरून आणला होता.
उजव्या पानावर लिहिलं: जरा जास्त.
यापेक्षा नेमकं मला येत नाही.

"निघताना काय म्हणतात गं तिकडं?"
टा-रा, डक.
सुपातून मान वर न करता आई म्हणून बघते,
टारा. टाराडाक.
माग थांबलेत. लाइट गेली असणार.
"आणि येते कसं म्हणायचं?"
मी वही चाळते, डावी पानं, उजवी पानं.
"जाताना, की येताना?"
"जातानाच की," म्हणते,
आणि कट्टा बांधायला दोरा दातात धरते.