कूस

दर चौदाव्या दिवशी आम्ही त्याची चाकं फिरवतो.
बावीस चाकं. ट्रॅक्टर लावून हातभर पुढे,
नाहीतर एकाच जागी भार पडून टायर चपटे होतात.
अंथरुणाला खिळलेल्या माणसाला
कूस बदलून द्यावी लागते, तसंच.
सासूची मी तीन वर्षं बदलली. हात सरावलेत.

टेरुएलच्या पठारावर हवा कोरडी.
म्हणून तर इथे आणून ठेवतात.
याच हवेत आमच्या गावात
डुकराच्या तंगड्या दोन-दोन वर्षं टांगून वाळवतात.
मांस टिकतं, अ‍ॅल्युमिनियमही टिकतं.
फरक एवढाच, की तंगडीचा भाव वर्षागणिक चढतो.

इंजिनांची तोंडं बांधलेली,
खिडक्यांना आतून चंदेरी कागद,
दमटपणा शोषणाऱ्या पुड्या जागोजाग.
निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या.
अकरा वर्षांचं विमान.
माझ्या धाकट्याचे अजून दुधाचे दोन दात शिल्लक आहेत,
तोही अकराचाच.

मंगळवारी गिऱ्हाईक आलं.
दलाल फियाक्रा, आयर्लंडातल्या शॅननचा,
दर वाक्याआधी खिशातला फोन चाचपणारा.
त्याच्यामागून माकासारचे दाएंग मात्तोला,
हज यात्रेकरूंची विमानं चालवणारे,
साठीचे, गळ्यात एकावर एक दोन मफलर.
माझे आजोबा खेचर घेताना आधी ओठ वर करून दात बघत,
मग बोलत. हे गृहस्थ तसे.
टॉर्च घेऊन वाकले, पात्यांवरून बोट फिरवलं,
बोटाचा वास घेतला.

वरच्या मजल्यावर न्हाणीघर आहे.
ढगांच्या वर कोणी पाच मिनिटं
अंगावर कोमट पाणी घ्यायचं.
दाएंगनी दार उघडलं, आत पाहिलं,
हळूच लावलं, झोपलेल्याच्या खोलीचं लावावं तसं.
मग विचारलं, "पाचशे माणसांनी नमाजाआधी हातपाय धुतले
तर पाणी पुरेल?"
फियाक्राकडे रंगीत पत्रक होतं, उत्तर नव्हतं.
टाकीचा आकडा मला पाठ होता. मी सांगितला.
त्यांनी माझं नाव विचारलं. बेनिग्ना, म्हटलं.
तेही वहीत लिहिलं, आकड्याखाली.

खाली एकाहत्तराव्या रांगेत, खिडकीशी,
ते बराच वेळ बसून राहिले.
कागदाचा कोपरा उचलला. बाहेर माळ,
माळावर गिधाडं, आणि याच जातीची आणखी सहा धुडं.
"आई बोटीनं गेली होती," म्हणाले,
"बत्तीस दिवस, डेकवर चटई टाकून.
तिला इथे बसवलं असतं."
आणि लगेच वही.
चार इंजिनांचं तेल, जिथे आता दोनात भागतं.
दुमजली जिने लागतील असे विमानतळ बोटांवर मोजण्याइतके.
एका मोठ्या दुरुस्तीत एक छोटं विमान येईल.
"हज दोन महिने," ते म्हणाले,
"उरलेले दहा महिने याला ठेवू कुठे?"
इथेच, मी मनात म्हटलं.

जाताना त्यांनी चाकावर तळवा ठेवला.
घेतलं नाही.

संध्याकाळी फियाक्रा फोनवर ओरडत होता, वारा फार होता:
"अख्खं कोणालाच नकोय! सुटं सगळ्यांना हवंय!"
इंजिनं चौघांकडे भाड्यानं जातील.
बारचा गोल कट्टा कुठल्याशा हॉटेलानं मागितलाय.
शेपटीच्या पत्र्यातून चावीला अडकवायचे बिल्ले कापतात म्हणे,
प्रत्येकावर नंबर, प्रत्येकाला डबी.
न्हाणीघराचं कोणी विचारलेलं नाही.

सोमवारपासून कापणार. क्रेन येऊन उभी आहे.
आज चौदावा दिवस.
इलारिओ म्हणाला, आता कशाला? चाकंसुद्धा विकली गेलीत.
मी म्हटलं, ट्रॅक्टर काढ.